इटालियन स्वयंपाक सहकुटुंब शिकताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही घरातील चौघे, म्हणजे सासूबाई, मी, यजमान आणि दहा वर्षांची मुलगी, सांगलीत इटालियन स्वयंपाकाच्या वर्गाला गेलो. तेथे आमच्या आणि इतर कुटुंबांच्याही हातून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक पोळी-भाताच्या रोजच्या सवयीतून आलेल्या होत्या.

पहिली चूक नाव नोंदवतानाच होते. वर्गात अंडी वापरणार का, हे आम्ही विचारले नाही आणि सासूबाईंना पहिला दिवस बाजूला बसून काढावा लागला, याची मला आजही खंत वाटते. वास्तविक दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात ओरेक्किएत्ते नावाचा कानाच्या आकाराचा पास्ता नुसत्या बारीक रव्यात पाणी घालून मळतात, त्यामुळे आधी सांगितले तर बिनअंड्याचा पास्ता सहज शिकता येतो. शाकाहारी घरांनी चीजचीही चौकशी करावी, कारण पार्मिजानो रेज्जानो बनवताना दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात.

पीठ मळताना आपला हात आपल्याला फसवतो. पोळीची कणीक सैल आणि तेलाच्या हाताची असते, तर पास्त्याचे पीठ पुरीच्या पिठाहूनही घट्ट हवे. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे, किंवा १०० ग्रॅम रव्याला सुमारे ५० मिली कोमट पाणी, एवढेच प्रमाण पुरते. पीठ कोरडे वाटले की पाण्याची धार धरण्याचा मोह होतो, पण त्याने ते चिकट होऊन लाटता येत नाही. हात ओला करून दहा मिनिटे नेटाने मळावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे, म्हणजे त्याच्या चिरा आपोआप मिटतात. दुसऱ्या दिवशी बिनअंड्याचे पीठ हाती आल्यावर सासूबाईंनी ते सर्वांत चांगले वळले, कारण त्यांनी आयुष्यभर शेवयांचे घट्ट पीठ तिंबले आहे.

कृष्णाकाठच्या खपली गव्हाविषयी मात्र सावध राहावे. इटलीत ‘फार्रो’ या नावाने विकला जाणारा गहू बहुतांशी हाच असला, तरी त्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे चिकट प्रथिन, कमजोर असल्यामुळे निव्वळ खपलीच्या पिठाचा पिझ्झा ताणताना फाटतो. त्यात निम्म्याहून अधिक मैदा मिसळावा.

पास्ता शिजल्यावर तो गार पाण्याखाली धरू नये. त्याच्या अंगावरचा स्टार्च धुऊन गेला की सॉस त्याला धरत नाही आणि ताटलीत पाणी सुटते. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर उकळते पाणी आणि सुमारे १० ग्रॅम मीठ घ्यावे, उकळत्या पाण्यात तेल घालू नये आणि निथळण्यापूर्वी वाटीभर पाणी सॉससाठी काढून ठेवावे. रिसोट्टो या दाटसर इटालियन भाताचा तांदूळही याच कारणाने धुऊ नये, कारण त्याचा दाटपणा त्या स्टार्चमुळेच येतो.

पिझ्झा मधोमध कच्चा राहिला तर दोष बहुधा वर घातलेल्या पदार्थांच्या ढिगाचा असतो. इटलीतील नेपल्सची भट्टी ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तेथे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. घरचा ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो, म्हणून त्यात लोखंडी तवा अर्धा तास आधी तापवावा आणि सॉस अगदी पातळ थरात लावावा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र कामाच्या वाटणीत होते. आई मळते, बाबा फोटो काढतात आणि मुले शेवटी खायला येतात, असे झाले की शिकलेले सगळे पुन्हा एकाच व्यक्तीच्या हातात राहते. आमच्या मुलीकडे बेझिलची पाने तोडण्याचे काम आले, तेव्हा ही आपल्या सब्ज्याचीच जात असल्याचे तिने वासावरून आजीला सांगितले. यजमानांनी पीठ मळले, मी सॉस सांभाळला. घरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत तोच पदार्थ पुन्हा करावा आणि त्या वेळी कामे बदलून घ्यावीत. आमच्याकडे त्या रविवारी पीठ मुलीने मळले आणि पाण्यातले मीठ सासूबाईंनी चाखून पाहिले.