'कबूल करा, सुटाल' असं कुणी म्हटलं तर या चुका टाळा

तारखांनी थकलेल्या आरोपीला 'प्ली बार्गेनिंग करून टाक', म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घे, हा सल्ला हमखास मिळतो. ही सोय २००६ पासून कायद्यात आहे. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. पण सही करण्याआधी थांबा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिला सुटका समजणं. इथे तुम्ही दोषी ठरता, फक्त शिक्षा कमी होते. समजा, साध्या चोरीचा पहिलाच गुन्हा आहे. कमाल शिक्षा ३ वर्षं, प्ली बार्गेनिंगमध्ये तिचा एक षष्ठांश म्हणजे ६ महिने. तेवढे दिवस आधीच कोठडीत गेले असतील तर ते वजा होऊन माणूस लगेच घरी जाऊ शकतो. घरच्यांना हे ऐकून हायसं वाटतं. पण दोषसिद्धीची नोंद राहते आणि नोकरीच्या वेळी पुढे येते. म्हणून आधी जामिनासाठी जोर लावा. गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येणारा असेल, उदाहरणार्थ साधी दुखापत, तर फिर्यादीशी रीतसर तडजोड करा. तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो.

आरोपनिश्चितीनंतर, म्हणजे न्यायालयाने आरोप ठरवल्यावर, ३० दिवसांत प्ली बार्गेनिंगचा अर्ज करायचा असतो, ती मुदत चुकवू नका. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या किंवा स्त्री-बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांत हा मार्गच नाही.

न्यायाधीश तुम्हाला एकट्याला आत बोलावून विचारतात. तिथे भिडेपोटी 'हो' म्हणू नका. दबाव असेल तर तिथेच सांगा. मग खटला पुढे नेहमीसारखा चालतो. प्ली बार्गेनिंगच्या निकालानंतर नेहमीचं अपील नाही, फक्त उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका.

आणि केवळ कंटाळून कबुली देऊ नका. जलद खटला हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला हक्क आहे. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्याच न्यायालयाच्या १९९१ च्या अंतुले निकालात ठरावीक मुदत घातली नाही, पण उशीर कुणामुळे झाला हे पाहायला सांगितलं. म्हणून रोजनाम्याची (न्यायालयातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीची) नक्कल काढून ठेवा. कुठली तारीख कुणी मागितली ते त्यातच दिसतं. स्वतः तारखा मागत राहिलात तर तक्रारीत दम उरत नाही.

आधी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याच संहितेच्या कलम ४७९ खाली जातमुचलक्यावर सुटका मागता येते. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले याला अपवाद. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.