स्लॅबचे पोपडे पडतायत? प्लास्टर नको, आधी सळई बघा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या स्लॅबचा पोपडा पडला. गवंडी आला, गंजक्या सळईवरच माल थापला, चुना मारून गेला. पुढच्या मृगात ते सगळं चपातीच्या डब्यावर!

चूक साधी होती: गंज आतच राहिला. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. बेळगाव-खानापूरकडे सळई गंजवणारं समुद्राचं मीठ नाही, पण पाऊस भरपूर. नव्या काँक्रीटचा पीएच (म्हणजे क्षारपणाचं माप) 12 ते 13 असतो, त्यात सळई सुरक्षित. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो हळूहळू 9 च्या खाली उतरतो, आणि मग ओल लागली की गंज धरतो.

म्हणून आधी वरची गळती थांबवा. गच्चीची भेग, संडास-बाथरूमचा पाइप, तुंबलेली पन्हाळ. हे न करता खालून काम काढणं म्हणजे पैसे पाण्यात. काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबल्यावर धरा.

फोडण्याआधी टेकू द्या. मग हातोडीने स्लॅबभर हलकं ठोकत जा. भद्द, पोकळ आवाज येईल तिथं खडूने खूण करा. खांब, तुळई किंवा बाहेर आलेला सज्जा असेल तर हात लावू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खालून बघून काही कळत नाही.

खूण केलेल्या भागाच्या कडा कटरने चौकोनी कापा आणि सळईच्या मागेही बोट जाईल इतकं, साधारण 20-25 मिमी, फोडा. गवंडी इथंच कंटाळतो, तेव्हा उभं राहून करून घ्या. सळईच्या पाठीमागे गंज ठेवला की सगळं फुकट. शंका असेल तर ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचा (क्षारपणा असेल तिथं गुलाबी होणाऱ्या रसायनाचा) फवारा मारा: गुलाबी झालं तर काँक्रीट शाबूत, रंगच आला नाही तर आणखी फोडा.

तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासा आणि व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा. 10 मिमीची सळई 9 मिमी झाली तर एकच मिमी गेला असं वाटतं, पण लोखंड जवळजवळ पाचवा भाग कमी झालेलं असतं. अशा वेळी जोड-सळई कुठं, किती लांब, हे इंजिनिअरच सांगेल.

धूळ झाडा, सळईला झिंक प्रायमर लावा. जुनं काँक्रीट भिजवा, पण पाणी साचलेलं नको. त्यावर लेटेक्स-सिमेंटची खळ फासा आणि ती चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पाकिटात मिळणारा दुरुस्तीचा माल) दाबून भरा. डोक्यावरच्या कामात एका वेळी पातळच थर, नाहीतर ओघळतो. सळईवर किमान 20 मिमी कव्हर, म्हणजे मालाचा थर, राहिलं पाहिजे. माल कालवायची मापं पाकिटावर असतात. गवंडी अंदाजाने पाणी ओततो, ते ओतू देऊ नका. पाकिटावर लिहिलं असेल तितके दिवस ओलं ठेवा आणि टेकू इंजिनिअरने सांगितल्यावरच काढा.