कोरुगेटेड प्लास्टिकचं हलकं एरोबॅटिक विमान: वजन शेपटीपासून वाचवा

कोरुगेटेड प्लास्टिक म्हणजे दोन पापुद्र्यांमध्ये नळ्यांची रांग असलेली पॉलिप्रॉपिलीनची शीट. तिचं हवेत कसरती करणारं रिमोटचं मॉडेल विमान सहसा शेपटीकडे जड होतं. शेपटी गुरुत्वमध्यापासून (विमान जिथे तोलतं त्या बिंदूपासून) लांब असते, त्यामुळे तिथला एक ग्रॅम तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. म्हणून ४ मिमीची शीट फक्त फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) ठेवा, पंख आणि शेपटी २ मिमीची करा.

पंखात शीटच्या नळ्या टोकापासून टोकापर्यंत आडव्या हव्यात. उभ्या ठेवल्या तर पंख दुमडतो. आडव्या नळ्यांचा आणखी एक फायदा आहे. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) रेषेवर एकाच नळीचा वरचा पापुद्रा धारदार कटरने नळीच्या लांबीच्या दिशेने चिरा, खालचा शाबूत ठेवा. तयार बिजागरी! वेगळी बिजागरी नको, वजनही नको. मला हीच या शीटची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पॉलिप्रॉपिलीनला गोंद सहज धरत नाही. जोडाची जागा २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावा.

पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून सरासरी रुंदीच्या २५ टक्क्यांवर ठेवा. हात बसला की बॅटरी थोडी थोडी मागे सरकवा.