घाटमाथा ते माणदेश: सातारा जिल्हा ग्रॅव्हल सायकलवर

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात, दहिवडी-म्हसवडकडे, जेमतेम पाचशे. मधलं अंतर सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढ्यात ग्रॅव्हल सायकलच्या, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलच्या, चाकाखाली आधी जांभा येतो, मग काळी माती, मग मुरमाड माळ. तिन्हींचे त्रास वेगळे आहेत, म्हणून टायर, हवा आणि महिना ही तिन्ही गणितं निघण्याआधीच जुळवावी लागतात.

महिना आधी ठरवा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ तिन्ही भागांना चालतो. ऑक्टोबरमध्ये माण कोरडा होतो, पण कृष्णाकाठची काळी रानं ओली असतात. मार्चनंतर माणात सकाळी सहाला निघून अकराच्या आत सावली गाठायची. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जाऊच नका असं नाही, पण तिथला वारा सायकल आडवी करतो आणि शेवाळलेल्या जांभ्यावर ब्रेक लावला की चाक निसटतं.

टायर ४० ते ४५ मिमीचे आणि ट्यूबलेसच हवेत. सत्तर किलोचा माणूस, ४० मिमी टायर आणि थोडंच सामान असेल, तर डांबरी घाटात हवेचा दाब पुढे ३६, मागे ३९ पीएसआय ठेवा. जांभ्याच्या सड्यावर पुढे ३०, मागे ३४ आणि बारीक मुरमावर २८ व ३१. दगडावरून जाताना रिम ठोकल्याचा आवाज आला तर लगेच २ पीएसआय वाढवा. तसंच रेटलं तर रिम वाकते आणि कडेने हवा गळू लागते. ट्यूब असेल तर प्रत्येक आकड्यात ५ मिळवा, नाहीतर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पंपावरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून घरी आणि वाटेत एकच गेज वापरा.

गिअरचं थोडक्यात: पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चक्र) असेल तर मागचं सगळ्यात मोठं चक्र निदान ४२ दात्यांचं हवं. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात अकरा-बारा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आहे. तो डांबरी आहे म्हणून निभतो. कच्च्यावर तेवढ्याच चढाला उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं. बसूनच चढा, वजन मागे ठेवा.

पहिला टप्पा: सडा

साताऱ्याहून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि तिथून चाळकेवाडीचं पठार. ठोसेघरपर्यंत डांबरी रस्ता आहे. वर पवनचक्क्यांसाठी केलेल्या मुरमाच्या वाटांचं जाळं आहे आणि ग्रॅव्हल सायकलची खरी मजा तिथेच. अवजड गाड्यांसाठी केलेल्या असल्याने या वाटा रुंद आहेत, पण वळणांवर सुटी खडी साचते. वळणाआधीच वेग कमी करा; वळणात पुढचा ब्रेक धरू नका. पवनचक्कीच्या कुंपणाशी संपणाऱ्या वाटा पुष्कळ, तेव्हा नकाशावर सॅटेलाइट चित्र बघून ठेवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. वाट सोडून सड्यावर सायकल घालू नका. तिथली माती बोटभरही जाड नसते आणि पावसाळी फुलं तेवढ्याच मातीवर येतात. कासला तर फुलांच्या हंगामात तिकीट काढून ठरलेल्या वाटेनेच चालायचं असतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

उतरताना दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवले की पॅड तापतात आणि लिव्हर हँडलला टेकायला लागतो. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. पॅडवरचा मसाला एक मिमीहून कमी राहिला असेल तर घाटात जाण्याआधीच बदला. जांभ्याचं लाल पाणी रेझिनचे पॅड भराभर खातं; ओल्यात मेटलचे टिकतात.

दुसरा टप्पा: कालवा आणि काळी माती

धोम धरणाच्या कालव्यांच्या भरावावर सेवा रस्ते आहेत, जवळजवळ सपाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. कोरेगावच्या दिशेने असा बराच पल्ला कापता येतो. आवर्तन चालू असेल, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असेल, तर काठापासून हातभर आत चालवा. घसरून पडलात तर त्या उतारावरून वर येणं अवघड जातं. पाझर असलेल्या जागी ऐन उन्हाळ्यातही चिखल सापडतो.

आणि चिखल काळ्या मातीचा असेल तर त्यात पेडल मारायचं नाही. ही माती टायरला थरावर थर चिकटते, दहा-पंधरा फेऱ्यांत फोर्कपाशी (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यापाशी) चाक अडतं. तरी जोर लावला तर चेन ओढली जाते, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकाच्या तारांत शिरतो आणि तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर मोडतो. माती चिकटायला लागली की उतरा, सायकल खांद्यावर घ्या, कडेच्या गवतातून चला. पलीकडे गेल्यावर काडीने आधी फोर्क, मग डिरेलरची छोटी चाकं साफ करा, हाताने पेडल उलटं फिरवून बघा, मगच बसा. आपल्याच मॉडेलचा एक जादा हँगर जवळ हवाच. तो जिल्ह्यातल्या कुठल्याही सायकल दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. पाऊस झाला असेल तर दोन दिवस चांगलं ऊन पडल्यावरच पाणंद धरा.

पाणंदीची चौकशी करताना 'रस्ता चांगला आहे का?' असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी 'हाय की' असंच येतं. 'मोटारसायकल पलीकडच्या गावात निघते का?' असं विचारा. निघत असेल तर तुम्हीही निघाल. नुसता ट्रॅक्टर जात असेल तर चाकोऱ्या खोल असणार आणि वाट कुणाच्या तरी उसात संपण्याची शक्यता दाट.

तिसरा टप्पा: माण

कोरेगावहून वर्धनगडचा घाट चढून पुसेगाव, पुढे दहिवडी, गोंदवले, म्हसवड. हमरस्ता सोडून गावागावांमधल्या मुरमाच्या वाटा घ्या. इथे चिखल नाही, काटे आहेत. बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा. प्रत्येक टायरमध्ये ६० ते ८० मिली सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं द्रव) घाला. माणच्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दोन महिन्यांनी चाक कानाशी हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली नाही तर नव्याने भरा. बाभळीचा काटा घुसला तर तो उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा. फसफस थांबली नाही तर भोकात प्लग (रबरी बोळा) घाला. शेवटी ट्यूब टाकावीच लागली तर त्याआधी टायर आतून बोटांनी चाचपून घ्या, पूर्ण गोल, दोनदा. मोडलेलं टोक आत राहतं आणि नवी ट्यूब शंभर मीटरवर पंक्चर होते. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या जिथे वाटेवर पडल्यात तिथे सायकल उचलूनच पुढे जा.

दोन गावांमध्ये दहा किलोमीटर पाणी नाही असं धरून चाला: तीन लिटर पाणी, दोन ओआरएसच्या पुड्या. मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच थांबा. धनगरांची कुत्री पळणाऱ्या चाकामागे लागतात. उतरून सायकल मध्ये धरली आणि मेंढक्याला हाक दिली की बहुतेक शांत होतात.

मुक्कामाला गोंदवले सोयीचं. समाधी मंदिराकडे भक्तनिवास आणि प्रसादाची सोय आहे, मात्र गर्दीच्या दिवसांत आधी विचारून ठेवा. रेल्वे या बाजूला नाही. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर ही स्टेशनं मागे राहतात. थकलात तर दहिवडीच्या एसटी स्टँडवर चालक-वाहकांना विचारा. सायकल नेऊ दिलीच तर पुढचं चाक काढून फ्रेमला बांधा, डिस्क पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि डिरेलरची बाजू वर येईल अशी ठेवा.