नगरपरिषदेच्या सभेत वाडीचा प्रश्न कसा न्यावा

माझं माहेर ग्रामपंचायतीचं. तिथे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते आणि मतदार यादीत नाव असलेली कोणीही बाई उभी राहून सरपंचांना जाब विचारू शकते. सासर मात्र नगरपरिषदेच्या हद्दीत, सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी. इथल्या सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगराध्यक्ष, नगरसेवक आणि अधिकारी. आपण ऐकायला बसू शकतो, पण अध्यक्षांनी परवानगी दिल्याशिवाय आपल्याला बोलता येत नाही. म्हणून आपलं म्हणणं आपल्या आधी कागदावरून सभागृहात पोचलं पाहिजे. आमच्या वाडीतल्या बायकांनी ते कसं केलं, ते सांगते.

आमचा प्रश्न मोरीचा, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेचा. वाडीमागचा व्हाळ (ओढा) तिथून पाइपातून खाडीला मिळतो. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की पाणी उलटं फिरून चुलीच्या ओट्यापर्यंत चढतं, विहिरीत गटाराचं पाणी मिसळतं.

पहिलं काम नोंदी ठेवण्याचं. ‘दरवर्षी पाणी येतं’ म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. आम्ही घराघरात वही ठेवली. त्यात तारीख, पाणी चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, कुठपर्यंत आलं ते लिहायचं, आणि त्या दिवशीची भरती-ओहोटी. भरतीची वेळ होडीवाल्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ असते. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. ओहोटीलाही पाणी तुंबत असेल तर मोरी अपुरी आहे किंवा बुजलेली आहे. फक्त भरतीलाच तुंबत असेल तर खाडीचं पाणी आत शिरतंय, आणि तिथे मोरीच्या तोंडाला झडप बसवण्याचा विचार करावा लागतो. दोन्हींचा खर्च वेगळा, उपाय वेगळा. ओव्हरसियरसमोर हे ठेवलं की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

मग रस्ता कोणाचा ते विचारून घ्या. नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, की जेटीजवळची जागा सागरी मंडळाची? दुसऱ्याच्या जागेवरचा विषय असेल तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ एवढ्या एका वाक्यात तो संपतो. खाडीलगत बांधकाम असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा मुद्दाही निघणारच, तो आधीच विचारून ठेवा.

आता अर्ज. एका अर्जात एकच विषय, एका पानात. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत नगराध्यक्षांना, बांधकाम सभापतींना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत, गटारं आणि स्वच्छता त्यात येतात. तेवढा उल्लेख एका ओळीत करा, त्याहून जास्त कायदा नको. आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं कृपा करून लिहू नका. त्या वाक्यावर ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढं उत्तर सहज देता येतं. त्याऐवजी लिहा: ‘या मोरीची पाहणी करून रुंद मोरीचं अंदाजपत्रक तयार करावं आणि हा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.’ असं लिहिलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक विभागातल्या एका भल्या माणसाने मला सांगितलं होतं, ‘काकी, तुमचा म्हणणा कागदार लिवन द्या, नंबर घेवा, मगे कोण नाय म्हणूचो नाय.’

वेळ पाळा. सभेची नोटीस निघाली की विषयपत्रिका ठरलेली असते. अर्ज त्याच्या बराच आधी गेला पाहिजे. ऐनवेळच्या विषयावर विसंबू नका, तो शेवटी घाईत उरकतात. आणि आपल्या कोकणात पावसाळ्याचा प्रश्न पावसाळ्यात मांडून काही उपयोग नाही. मे महिन्यात मागाल तर फार तर नालेसफाई होईल. मोरी हवी असेल तर गणपती आटोपले की अर्ज द्या, म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा होऊन जूनच्या आधी काम उभं राहील, आणि पैसे लागणार असतील तर बजेटच्या सभेआधी मागणी नोंदलेली असेल.

नगरसेवकांकडे जाताना पक्ष बघू नका. 2025 च्या डिसेंबरात निवडणुका होऊन बऱ्याच वर्षांनी नगरपरिषदांत लोकांनी निवडलेली माणसं बसली. आता सांगायला माणूस आहे, त्याचा उपयोग करा. प्रभागात दोन नगरसेवक असतील तर दोघांनाही भेटा. एकाला विषयाचा सूचक व्हायला सांगा, दुसऱ्याला अनुमोदक. विरोधी बाकावरचा अभ्यासू नगरसेवक असेल तर त्यालाही प्रत द्या. आधी त्यांना पाणी चढतं त्या जागेवर न्या, शक्य झाल्यास उधाणाच्या दिवशी. केबिनमधल्या बोलण्याने जे होत नाही ते घोटाभर पाण्यात उभं राहिल्यावर होतं.

शिष्टमंडळ घेऊन जाल तेव्हा बोलणारी एकच व्यक्ती ठरवा, आणि बोलणं दोन मिनिटांत संपवा. कोण आलोय, काय होतंय, काय हवंय, कधीपर्यंत. जुन्या भांडणांची, मागच्या नगराध्यक्षांची उजळणी नको. बाकीच्यांनी शांत उभं राहायचं, पण पुष्कळ जणांनी यायचं. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका काठी टेकत आल्या होत्या. त्यांच्यासाठी खुर्च्या मागवाव्या लागल्या आणि तिथूनच ऐकणं सुरू झालं.

सभा झाली की काम संपलं असं समजू नका. इतिवृत्त तयार झालं की ठराव क्रमांक मागा. तोंडी ‘झाला मंजूर’ चालणार नाही. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. ठराव हातात आला की पुढची पत्रं त्याच क्रमांकाने लिहायची: अंदाजपत्रक झालं का, तांत्रिक मंजुरी कधी मिळाली, कार्यारंभ आदेशावर तारीख कोणती आहे. काम सुरू झालं की त्या आदेशाची प्रत वाडीतल्या कोणाकडे तरी असू द्या. पाइप किती व्यासाचा टाकायचा ते त्यात किंवा अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं, आणि तो टेपने मोजता येतो.