लिनक्स कर्नलच्या कामावर जर्मनीला निघालेल्या पोरांसाठी

येळवशीला, म्हणजे वेळअमावास्येला, औशाला आलो होतो. शेतात आंबील पिता पिता दोन पोरांनी विचारलं, "काका, फेब्रुवारीत न्यूरेनबर्गला रुजू व्हायचंय, थंडीचं काय काय घ्यावं?" ते तिथं गेल्यावर घ्या, इथले स्वेटर तिथं कामाचे नाहीत. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणा. एवढं पुरे. आपली पोरं आपटतात ती लिनक्स कर्नलचे, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, पॅच (कोडमधले बदल मेलनं पाठवायचे गठ्ठे) बांधताना. मीही आपटलोय.

एका पॅचमध्ये एकच बदल. लातूरच्या मोंढ्यात एकदा पोती कमी पडली म्हणून आम्ही उरलेली तूर सोयाबीनच्या पोत्यात ओतून नेली. आडत्यानं ओंजळभर माल हातावर घेतला, बोटानं दाणे इकडं-तिकडं केले आणि पोतं बाजूला सारलं. ना तुरीचा भाव मिळाला, ना सोयाबीनचा. मेंटेनर, म्हणजे कोडचा तो भाग सांभाळणारा आणि पॅच घेणारा माणूस, असाच असतो. तुम्ही एक बग दुरुस्त करता, हात लागला म्हणून शेजारच्या स्पेस नीट करता, एखाद्या व्हेरिएबलचं नावही बदलता. तिन्ही कामं चांगली, पण पॅच तीन हवेत. कोड एका फाइलमधून दुसरीत हलवायचा असेल तर आधी जसाच्या तसा हलवा, बदल पुढच्या पॅचमध्ये. नाहीतर हललेल्या तीनशे ओळींत बदललेली एक ओळ तपासणाऱ्यानं कुठं शोधायची? सगळं आधीच मिसळून बसला असाल तर गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) 'गिट ॲड'ला '-पी' लावा, तुकडे वेगळे निवडता येतात.

आता माझं नुकसान. सात पॅचची मालिका होती. तिसऱ्यात एक फंक्शन वापरलं, ते लिहिलं होतं चौथ्यात. तो कोड ज्या पर्यायानं चालू होतो, तो माझ्या कॉन्फिगमध्ये (कर्नलचं काय काय घ्यायचं त्या यादीत) बंद, म्हणून मला काही कळलं नाही. आणि सातही लावल्यावर सगळं बिल्ड होतच होतं, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनत होता. दुसरा कुणीतरी वेगळाच बग शोधत 'बायसेक्ट' करत होता. बायसेक्ट बग कुठल्या बदलानं आला ते शोधतं, दर वेळी मधोमध थांबून बघतं, हजार कमिटांत (नोंदवलेल्या बदलांत) साधारण दहा फेऱ्यांत दोषी सापडतो. तो नेमका माझ्या तिसऱ्यावर थांबला, आणि बिल्डच होईना. मेंटेनरनं आख्खी मालिका काढून टाकली. आरसी-६, म्हणजे रिलीजच्या आधीची सहावी चाचणी आवृत्ती, चालू होतं. दुरुस्त करेस्तोवर नवे बदल घेण्याची दोन आठवड्यांची मर्ज विंडो हुकली, पुढचं रिलीज नऊ-दहा आठवड्यांनी. आमच्या गिऱ्हाइकाचा माल तोवर गोदामात पडून, आणि साहेब माझ्याकडं बघून नुसतेच हसायचे. म्हणून परत सांगतो, मालिकेतला प्रत्येक पॅच एकटा बिल्ड झाला पाहिजे आणि चालला पाहिजे. 'गिट रिबेस'ला '--एक्झेक' देऊन प्रत्येक कमिटवर 'मेक' (बिल्ड करणारी आज्ञा) चालवा. पर्याय चालू करून आणि बंद करून, दोन्ही. कंटाळा करू नका.

आपल्या लोकांना आकड्याचा भारी सोस. मंडळाच्या गणपतीत भेटलं की "माझे चाळीस पॅच गेले." बघावं तर कॉमेंटमधली स्पेलिंगं. एका बदलाचे उगाच दहा तुकडे करू नका. एका वेळी पंधराएकच्या वर पाठवलं तर कुणी उघडून बघत नाही.

पाठवण्याआधी चेकपॅच चालवा, पॅचची मांडणी तपासणारी ती स्क्रिप्ट आहे. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि आपलं नाव लिहायला विसरू नका, कोड देण्याचा हक्क आहे अशी ती तुमची हमी असते. जुन्या कमिटचा दोष काढला असेल तर 'फिक्सेस' लिहून त्याच्या हॅशची (कमिटच्या ओळखक्रमांकाची) पहिली बारा अक्षरं द्या. पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते मेलमधल्या तीन रेघांच्या (---) खाली लिहा. मेल साधा मजकूर, अटॅचमेंट नाही. उत्तर आलं नाही तरी आठवडाभर मेंटेनरला आठवण करू नका.

उत्तर येईल ते एका ओळीचं असेल: "हे चूक आहे, असं का केलं?" जर्मन माणूस तोंडावरही असंच बोलतो, तो रागावलेला नसतो. आपली पोरं इथं गप्प बसतात, नाहीतर "हो सर" लिहून तोच पॅच परत पाठवतात. त्याच्या प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहा. पटलं नसेल तर पटलं नाही म्हणा, आणि का ते सांगा. आणि 'सर' लिहू नका, तिथं सगळे नावानंच बोलतात.