गृहपाठ घरी पोहोचला तेव्हा

चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. गृहपाठ मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सविस्तर टाकायचे, तरी सकाळी निम्म्या वह्या कोऱ्याच. मुलांना रागवायचे, त्याचं आजही वाईट वाटतं. मग एक आई म्हणाली, "बाई, फोन ह्यांच्यासंगं रानात असतो. अन् मला वाचता येत नाही."

लांबलचक मेसेज त्याच दिवशी बंद केले. आता शाळा सुटण्याआधी पाच मिनिटं मुलं वहीत एकच ओळ लिहितात: काय करायचं, कधीपर्यंत. रात्री आठला, फोन घरी आल्यावर, मी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवते: "आज सातचा पाढा म्हणून घ्या. चुकला तरी चालेल, तुम्ही फक्त ऐका." २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांना नियमित भेटणं आम्हा शिक्षकांचं कर्तव्यच आहे, त्या भेटीतही आधी वही उघडते.

परवा तीच आई म्हणाली, "बाई, सातचा पाढा आता मलाबी येतोय."